मागचे दरवाजे

मिस्टर डगमोरनी काळा हातमोजा काढला आणि खडूने गाडीवर रेघ ओढली. पुढच्या दरवाजामागून निघून छपरावरून थेट पलीकडे.

"एवढं पुढचं राहू द्या. मागचं सगळं कापा. नवी शववाहिका घेण्यापेक्षा हे परवडतं."

होरेस टिबिट्स त्या रेघेकडे पाहत राहिला. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी, कॉव्हेंट्रीच्या याच शेडमध्ये, त्या गाडीचा पत्रा त्याने हाताने ठोकून घडवला होता. आतला लाकडी सांगाडा क्लेम गार्लिकचा. क्लेम आता टॅक्सी विभागाचा मुकादम होता, आणि कापायचा हुकूम त्यानेच आणला होता. उरलेली शेड काळ्या टॅक्सींनी भरली होती. साच्यात दाबून काढलेल्या, एकीसारखी दुसरी.

"मागचे दरवाजे तरी ठेवा, साहेब," होरेस म्हणाला. "नुसतं बोट लावलं तरी बंद होतात. आवाजसुद्धा येत नाही."

"आमची गिऱ्हाइकं आडवी असतात हो. त्यांना दरवाजा कशाला?" डगमोर हसले नाहीत. त्यांच्या धंद्यातलं ते रोजचंच बोलणं होतं.

ते गेल्यावर क्लेम म्हणाला, "दुपारपर्यंत जागा रिकामी हवीय. तुला होत नसेल तर टॅक्सीवाल्यांना सांगतो. गॅसकटर लावून मोकळे होतील."

"तुझं लाकूड जाळतील ते."

"माहितीय."

"तुला काही वाटत नाही?"

"वाटून काय करू? एका गिऱ्हाइकासाठी आपण अख्खं वर्ष घालवलं या गाडीवर. तसं वर्ष आता कुणी देत नाही, होरेस. तुला किती वेळा म्हटलं, टॅक्सीवर ये. 'मी डबे ठोकत नाही' म्हणालास."

"डबेच आहेत ते."

"असतील. पण रोज गावभर फिरतात. ही किती वर्षं गॅरेजात झाकून पडली होती, विचार हिच्या जुन्या मालकिणीला."

होरेसने करवत उचलली.

"त्यांना बोलावू नकोस. मीच कापतो."

आधी त्याने पत्रा कापला. करवत लाकडाला लागली तसा भुसा पडू लागला. पांढरा, कोरडा, कालच रंधा मारल्यासारखा. क्लेमने चिमूटभर उचलून बोटांत चोळला. मग मुकादमाचा कोट काढून खुंटीला अडकवला, दुसरी करवत घेतली आणि पलीकडच्या बाजूने कापायला लागला.

दुपारच्या आत छप्पर सुटलं. दोघांनी ते खांद्यांवर पेललं. भंगारवाल्याचा ट्रक दाराशी येऊन उभा होता.

"थांब जरा," क्लेम म्हणाला. कोपऱ्यातली रिकामी पोती त्याने पायानेच ओढली आणि फरशीवर पसरली. मग दोघेही गुडघ्यांत वाकले आणि रंगाला ओरखडा येऊ नये म्हणून छप्पर हळूच, आधी एक कड, मग दुसरी, असं पोत्यांवर टेकवलं.