वरचा षड्ज

पुन्हा तोच प्रकार. कमलिनीचं बोट व्हायोलिनच्या तारेवर वर सरकलं, गज भरून चालला आणि वरच्या षड्जाला सूर तेवढा गायब.

“वरचं सगळं माझ्यापासून दाबून ठेवतेस,” यज्ञेश्वर म्हणाले.

सोळा वर्षांची पोर मान खाली घालून आईला काहीतरी पुटपुटली. शारदाबाईंनीही हळूच उत्तर दिलं. हल्ली घरात हे फार वाढलं होतं. यज्ञेश्वर आले की मायलेकींची कुजबूज सुरू. परवा तर शारदाबाई त्यांना कुकरकडे बघायला सांगून देवळात गेल्या. कुकर शिट्टी न होताच करपला आणि खापर यज्ञेश्वरांच्या माथी.

गणेशोत्सवात झाशीतल्या मराठी मंडळींसमोर कमलिनीचा पहिला स्वतंत्र कार्यक्रम होता. तिच्या मनगटावर गंडा यज्ञेश्वरांनीच बांधलेला. शिकवताना ते गुरू, बाप नंतर. आणि गंडाबंध शिष्यानं चोरून दुसऱ्यापुढे बसणं म्हणजे गुरूच्या तोंडाला काळं फासणं.

“कुठे निघालीस?” संध्याकाळी त्यांनी विचारलं.

“सहेलीकडे, बाबा.”

“व्हायोलिन घेऊन?”

ती काहीतरी बोलली, पण ओठांतल्या ओठांत. पाणी नक्की कुठेतरी मुरत होतं.

यज्ञेश्वर मागोमाग निघाले. ओरछा गेटच्या गल्लीत ती वळली आणि रमाकांतच्या घरात शिरली. रमाकांत म्हणजे त्यांचा गुरुबंधू. एकाच गुरूकडे दोघं शिकलेले आणि तेव्हापासून एकमेकांवर डोळा ठेवून असलेले. यज्ञेश्वरांच्या अंगाचा तिळपापड झाला. गंडा आपल्या हातानं तोडायचा आणि कार्यक्रमाला पाऊल टाकायचं नाही, असं त्यांनी दारातच ठरवलं.

आत कमलिनी त्यांनीच शिकवलेली बंदिश वाजवत होती. प्रत्येक सूर भरलेला, स्वच्छ. घरी इतकं कधी ऐकवलं नव्हतं पोरीनं! त्यांना फार लागलं. मग लक्षात आलं, सगळी बंदिश खाली, खर्जाकडे उतरवलेली आहे.

“रमाकांत!” ते ओरडले. “माझ्या पोरीचं वरचं सप्तक खाल्लंस तू! कार्यक्रमात हसं करायचंय तिचं?”

त्यांनी कमलिनीचं मनगट धरलं. गंड्याला बोट घातलं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. ओठ हलले, पण खुलासा काही ऐकू आला नाही.

रमाकांतनं त्यांचा हात घट्ट धरला आणि अगदी कानाशी येऊन मोठ्यानं म्हणाला,

“भैया, मैंने कुछ नहीं किया. हीच हट्ट धरून बसलीय, सगळं खाली बसवून द्या म्हणून. म्हणते, बाबांना ऐकू येत नाही असा एकही सूर त्या दिवशी वाजवायचा नाही.”