प्रिंटरवरची थाप
अकोल्याच्या बियाणे कंपनीची जुनी कॉम्प्युटर सिस्टीम दिवाळीनंतर बदलायची होती. एकमेव ऑपरेटर कोकिळाताईंनीच ती एकवीस वर्षं रेटली. दर दसऱ्याला प्रिंटरला हारही घातला. नवी सिस्टीम बसवायला अमरावतीहून आलेल्या इंजिनिअरला त्यांनी तीन आठवडे घरचा डबा खाऊ घालून सिस्टीमची एकेक खोड सांगितली. आज मालकांनी केबिनमधून बदलाची योजना छापायला सोडली, अन् कागद नेहमीसारखा अडकला. "ताई, काहून अडून राहिला हा?" ते करवादत बाहेर आले. प्रिंटरला कुठं थापटायचं, ते एकट्या ताईंनाच ठाऊक. त्यांनी डावीकडून थापटलं. कागद करकरत वर आला. 'एक तारखेपासून बंद' या मथळ्याखाली यादी होती: जुने कॉम्प्युटर तीन, प्रिंटर एक, ऑपरेटर एक. ताईंचा हात प्रिंटरवरच राहिला. मालकांनी कागद फाडून घेतला. "मस्त निघाला. अजून एक काढा, ताई. तुमालेबी लागन ना."