पायजमा पलीकडे गेला

पॅलेस्टाइनमधल्या अबू दीस गावातल्या आमच्या उंच गच्चीला खेटूनच इस्रायलची भिंत जाते. काल वारा सुटला आणि मामंजींचा पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा दोरीवरून उडून पलीकडे जेरुसलेमच्या गल्लीत पडला. सासूबाई तिथल्या सैनिकावर खेकसल्या, “मेल्या, बघतोस काय? फेक इकडे!” तो बंदूक रोखून पायजम्याभोवती फिरला. “आजी, खिशात काय आहे?” “भोक!” बिचाऱ्याने हसू दाबत पायजमा उचलला. एवढ्यात मामंजी धापा टाकत वर आले. “थांब पोरा, फेकू नकोस! ते निळं दार माझ्या बहिणीचं. भिंत झाल्यापासून तिला भेटायचा परवाना मागतोय, तुम्ही देत नाही. पायजमा तिलाच दे. म्हणावं, खिसा शिवून ठेव, परवाना मिळाला की भाऊ न्यायला येतो.” सैनिक निळ्या दाराकडे निघाला. सासूबाईंनी रिकाम्या दोरीकडे पाहिलं, मग मामंजींकडे. “म्हणजे आता तुम्हाला नवा पायजमा घ्यायला हवा.”