लीनाचा कोंबडा

फुर्रर्र! फ्रिजवरून आवाज आला आणि सकाळी फोन आल्यापासून गप्प असलेलं घर दचकलं.

"आई, कोंबडा पादला!" चिनू खिदळली. लीनामावशीने परवाच फुगवून दिलेल्या रबरी हातमोज्याच्या कोंबड्याची गाठ सैल झाली होती.

चिनू होईपर्यंत मी आणि लीना एकाच वॉर्डात नर्स होतो. पोर रडलं की ती असाच कोंबडा फुगवायची आणि मेट्रनची बोलणी हसत खायची. काल रात्री ती झोपेतच गेली.

मी झडप घालून कोंबड्याची मान आवळली. तुऱ्याच्या एका बोटात थोडी हवा उरली होती.

"दे, मी फुगवते."

"नको गं. यात मावशीची हवा आहे."

चिनूने माझ्याकडे टक लावून पाहिलं.

"मग मावशीची हवा गेली, तेव्हा तू का नाही फुगवलंस तिला?"