चंपाषष्ठीचा घास

अंगणात सडा घालून, दूध तापवून, हळद्या कुत्र्याला भाकरीचा तुकडा टाकून इंदुमतीबाईंची सकाळ रोजच्यासारखीच सुरू झाली. मग त्यांनी गॅसवर वांगी भाजली, भरितात कांद्याची पात आणि लसूण घातला, आणि त्या वासाने सारे घर वेडावले. आषाढापासून वर्ज्य असलेला कांदा आज चंपाषष्ठीला पुन्हा खायला मिळणार होता.

"आई, हळद्याला हे भरीत नको हं," सून मृणाल म्हणाली. "गेल्या वर्षी याच घासापायी सलाइन लावावं लागलं. कांदा-लसूण कुत्र्याला विषच. मी त्याच्यासाठी भोपळ्याचं भरीत केलंय, बिनमिठाचं. बाजरीचा रोडगाही आहे."

"अगं, पण खंडोबाच्या ताटातलाच घास कुत्र्याला द्यायचा असतो. वेगळं शिजवलेलं कसं चालेल?"

"मग देवालाच पथ्यावर ठेवा!" दारातून इंदुमतीबाईंचे यजमान ओरडले. "पण लवकर उरका, नाहीतर आता मीच भुंकायला लागेन."

मृणाल हसून हसून खालीच बसली. हळद्या तिच्याभोवती गिरक्या घेऊ लागला. इंदुमतीबाईंनाही हसू फुटले, पण देवाचे ताट वाढता वाढता त्यांचा हात मध्येच थांबला. सासूबाईंनी घालून दिलेली रीत त्यांना मोडायची नव्हती, आणि निपचित पडलेला हळद्याही पुन्हा पाहायचा नव्हता.

त्यांनी देवाच्या ताटातली वांग्याच्या भरिताची वाटी उचलून ओट्यावर ठेवली. तिच्या जागी भोपळ्याचे भरीत वाढले, ताटाभोवती पाणी फिरवून हात जोडले आणि त्याच ताटातला घास हळद्यापुढे ठेवला.