मिशांचं दप्तर

दप्तर हातात घेऊन उलटं केलं मात्र, मोठ्या बाईंनी ते टेबलावर टाकून दिलं. दर्शनी बाजूला पाटीएवढं झुरळ होतं. उताणं पडलेलं, पाय वर, मिशा थेट वरच्या चेनपर्यंत. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं : एक फवारा, खेळ खल्लास.

"कापड बघा बाई," झुरळाच्या औषधाच्या कंपनीचे स्टोअरवाले काका म्हणाले. "दुहेरी शिवण आहे. मुलं शाळा सोडतील, पण ही चेन साथ सोडणार नाही."

काकांचं खोटं नव्हतं. कंपनीने औषधाच्या डब्यावरचं चित्र बदललं, झुरळाच्या जागी हसरी गृहिणी आली, आणि दुकानदारांना वाटायची ही दप्तरं गोदामात पडून राहिली. साहेब ती भंगारात काढायला निघाले होते. काकांनी त्यांच्या मागे भुणभुण लावून ती शाळेसाठी सोडवली आणि टेम्पोत स्वतः बसून आणली. झुरळ तेवढं त्यांच्या ध्यानातच आलं नाही. कंपनीत कपावर झुरळ, टोपीवर झुरळ, कॅलेंडरवर बाराही महिने झुरळ. रोज बघणाऱ्याला ते दिसेनासंच होतं.

"धर्माची गाय आणि दात का गं नाय," शिवणाच्या बाई हळूच पुटपुटल्या.

"दातांचं काही नाही हो," मोठ्या बाई म्हणाल्या. "मिशांचं बघा."

मोठ्या बाईंना अख्खी शाळा घाबरायची, आणि मोठ्या बाई झुरळाला. हे काही गुपित राहिलं नव्हतं. मागच्या वर्षी भर हजेरीत टेबलाच्या खणातून एक झुरळ निघालं, तेव्हा त्या खुर्चीवर चढल्या होत्या आणि तिथूनच 'शांत बसा' म्हणाल्या होत्या. त्या दिवसापासून पोरांना त्या जरा जास्तच आवडायला लागल्या.

नावं पुकारायची नाहीत, फोटो काढायचा नाही, हे बाईंनी काकांना आधीच बजावलं होतं. मधल्या सुट्टीत ज्याला हवं त्याने हॉलमध्ये यावं आणि घेऊन जावं. दप्तर फाटलेली मुलं आली. चित्र बघून हात पाठीमागे बांधून उभी राहिली. दारात बाकीच्यांची गर्दी होती, आणि सातवीच्या मॉनिटरने डोक्याशी दोन बोटं धरून मिशा हलवल्या.

भिंगरी सगळ्यांच्या मागे होती. पायाला भिंगरी म्हणून नाव भिंगरी. पण तिच्या दप्तराचा तळ गेल्यापासून ती वह्या दुकानाच्या पिशवीत आणायची, फाटू नये म्हणून छातीशी धरून, आणि तेव्हापासून तिचं धावणंच बंद झालं होतं. ते बाईंच्या जिवाला लागलं होतं. बाकीची दप्तरं परत गेली तरी एक वेळ चाललं असतं. हिच्या पाठीवर एक चढायलाच हवं होतं.

"घे गं बाळा," काका म्हणाले.

भिंगरीने घेतलं. चित्र पोटाकडे फिरवून क्षणभर उभी राहिली. मग दप्तर खाली टेकवून ठेवलं, झुरळ भिंतीकडे करून.

"माझी पिशवी अजून चांगली आहे," ती म्हणाली.

काकांनी भिंतीकडे पाहिलं, मग ढिगाकडे. त्यांना आता कुठे झुरळ दिसलं होतं. "चुकलंच बाई माझं," ते म्हणाले. "परत घेऊन जातो."

"थांबा."

बाईंनी आपली पर्स टेबलावर उपडी केली. डबा, किल्ल्या, चष्म्याचं घर, अर्धा बिस्किटाचा पुडा. ढिगातलं एक दप्तर त्यांनी चिमटीत उचललं, डबा आणि किल्ल्या आत टाकल्या, चेन ओढली आणि दोन्ही पट्टे खांद्यावर चढवले. पाठीवर काहीतरी चालतंय असं वाटून त्यांच्या मानेवर काटा आला. चेहरा मात्र प्रगतिपुस्तकावर सही करतानाचा होता.

"बाई, झुरळ," मॉनिटर म्हणाला.

"मेलंय," बाई म्हणाल्या. "मीच मारलंय."

सगळा हॉल हसला. बाई तशाच व्हरांड्यात गेल्या आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिल्या. पोरांची वरात मागे. मॉनिटर धावत पुढे आला. "बाई, आम्हाला नाही का मिळणार?"

"तुला आहे की चांगलं दप्तर. साधं."

मॉनिटरचं तोंड एवढंसं झालं. हॉलमधला ढीग बघता बघता संपला. भिंतीजवळचं दप्तरही तिथे नव्हतं. ते मैदानात होतं, भिंगरीच्या पाठीवर, मिशा बाहेर, आणि भिंगरी सुसाट धावत होती. काका टेम्पोचा दोर उगीचच पुन्हा पुन्हा गुंडाळत राहिले.

ऑफिसात आल्यावर बाईंनी दार लोटलं. दप्तर हातभर लांब धरून खुंटीला अडकवलं, झुरळ भिंतीकडे करून, आणि मट्‌कन खुर्चीत बसल्या.

"बाई, तुमचं चष्म्याचं घर हॉलमध्येच राहिलं होतं." दारात भिंगरी उभी होती, धापा टाकत. तिने बाईंकडे पाहिलं, मग खुंटीकडे. "बाई, उद्यापण आणणार ना?"

"आणणार."

"आणि रोज?"

बाईंनी एक मोठा श्वास घेतला. "आणीन गं."

भिंगरीने चष्म्याचं घर टेबलावर ठेवलं. जाता जाता दारातून वळून म्हणाली, "मग शाळा सुटली की मला हाक मारा. मी तुमच्या पाठीवर चढवून देत जाईन. तुम्ही नुसते डोळे मिटून घ्यायचे."