वडिलांचा बाप

मुलाचा आवाज फुटला आणि खालच्या पट्टीतला भारदस्त बॅरिटोन झाला, तेव्हा ऑपेरात नायकाच्या भूमिका करणारे वडील हिरमुसले होते. "या आवाजाला नायिका मिळत नाही रे, बापाच्याच भूमिका मिळतात!"

आज तसंच झालं. पंचविशीतला मुलगा पांढरी दाढी चिकटवून बाप झाला आणि साठीचे वडील त्याचे चिरंजीव. घर सोडून गेलेल्या लेकाला परत बोलावणारं गाणं मुलानं असं काही रंगवलं, की शेवटच्या सुराला अख्खं थिएटर उठून उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. आता वडिलांनी गायचं होतं, पण ते गुडघे टेकून नुसते त्याच्याकडे बघत राहिले.

"बाबा, तुमची ओळ!" मुलगा घाबरून कुजबुजला.

"थांब रे. आधी तुझ्या टाळ्या पोटभर ऐकू दे मला."